माझ्या पुतण्याचें धातुसंगीत

ज्या गृहस्थानें आपलें सारें आयुष्य मुलांकडून शब्दरूपें आणि धातुरूपें घोकून घेण्यांत घालविलें, त्यानें साठी उलटल्यावर ‘हेवी मेटल’ नांवाच्या पाश्चात्य संगीतावर लेखणी उचलावी, याचें वाचकांना नवल वाटेल. मलाहि तें वाटतेंच. पंचवीस वर्षांपूर्वीं माझ्या पुतण्यानें ‘तात्या, मी मेटल ऐकतों’ असें मला प्रथम सांगितलें, तेव्हां मेटल म्हणजे काय, असें मीं त्यास विचारलें. ‘मेटल म्हणजे धातु,’ तो म्हणाला. मीं लगेच म्हटलें, ‘पाणिनीच्या धातुपाठांत जवळजवळ दोन हजार धातु आहेत. त्यांतले शंभर जरी पाठ केलेस तरी जन्माचें कल्याण होईल!’ हा विनोद आमच्या घरांत पुष्कळ दिवस चालला. चौदा वर्षांच्या त्या मुलाला तो किती बोचत असेल, याचा विचार मात्र तेव्हां माझ्या मनांत आला नाहीं.

या लेखास निमित्त झाली ती २०२५ च्या जुलै महिन्यांतील एक बातमी. त्या महिन्याच्या २२ तारखेस ऑझी ऑस्बर्न हा इंग्रज गायक वयाच्या ७६ व्या वर्षीं निवर्तला. सतराच दिवस आधीं, म्हणजे ५ जुलै रोजीं, आपल्या जन्मगांवीं बर्मिंगहॅम येथें ‘ब्लॅक सॅबथ’ या जुन्या मंडळींसह त्यानें अखेरचा जलसा केला होता. कंपवातानें उभें राहवेना, म्हणून तो सिंहासनासारख्या एका आसनावर बसून गायला. ही बातमी आली त्या रात्रीं माझा पुतण्या जेवतांना एक शब्द बोलला नाहीं. ‘कोण रे गेलें?’ असें सौभाग्यवतीनें विचारलें, तेव्हां तो म्हणाला, ‘काकू, माझ्या गुरूच्या घरचें माणूस गेलें.’ हें उत्तर ऐकून मीं पान तसेंच ठेविलें. ज्या गुरूपासून मीं त्यास एकदां तोडलें होतें, तो गुरु कोण, हें वाचकांस सांगावें असें त्याच वेळीं माझ्या मनांत आलें.

कल्याण सोडून कर्जतच्या वाटेला लागलें म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशीं गांवें एकामागून एक लागतात. त्यांचे स्वभाव निरनिराळे आहेत. उल्हासनगर हें लढाईच्या काळांतील लष्करी छावणीच्या जागीं सिंधी निर्वासितांनीं वसविलेलें शहर. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनीं त्याची कोनशिला बसविली. तेथील बाजारांत मिळत नाहीं अशी वस्तु विरळा. अंबरनाथ हें कारखान्यांचें गांव खरें, पण तेथेंच शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० चें, शिलाहारकालीन शिवमंदिर उभें आहे. आणि बदलापूर हें उल्हास नदीच्या कांठचें आमचें राहतें गांव. मी उल्हासनगरच्या एका शाळेंत संस्कृत व मराठी शिकवीत असें. माझा धाकटा बंधु अंबरनाथच्या एका कारखान्यांत कामाला होता. १९९८ सालीं तो अकस्मात् वारला, तेव्हांपासून भावजय आणि बारा वर्षांचा पुतण्या आमच्याच घरीं आलीं. बाप कारखान्यांतून येतांना जो यंत्रांचा घरघराट कानांत घेऊन येई, त्याच्याच गोष्टी मुलाला सांगे. पुढें या मुलाला जें संगीत आवडलें, त्याचें बीज तेथें असावें असें मला आतां वाटतें.

त्याची पहिली कॅसेट २००० सालीं उल्हासनगरच्या बाजारांत, खाऊच्या पैशांतून, विकत घेतलेली होती. ती ब्लॅक सॅबथ या मंडळीच्याच नांवाच्या पहिल्या आल्बमची. (आल्बम म्हणजे एका वेळीं प्रसिद्ध झालेल्या गाण्यांचा संग्रह, एवढें जाणत्या वाचकांनीं गृहीत धरावें.) हा संग्रह १३ फेब्रुवारी १९७० रोजीं इंग्लंडांत प्रसिद्ध झाला, आणि हेवी मेटलचा आरंभ पुष्कळ जाणकार तेथूनच मोजतात. यांतील गिटारवादक टोनी आयोमी हाच माझ्या पुतण्याचा गुरु. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

आयोमी हा बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यांत कामाला होता. वय अवघें सतरा. वादनाचा धंदा पत्करून नोकरी सोडावयाची ठरलेली; तो कामाचा शेवटचा दिवस. त्या दिवशीं यंत्राखालीं सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावरा असल्यामुळें तारा दाबण्याचा हात हाच. वैद्यांनीं आशा सोडली. तेव्हां कारखान्यांतील एका वरिष्ठानें त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकविली. राइनहार्टचा हात १९२८ सालीं आगींत भाजला होता, आणि दोनच बोटांनीं तारा दाबून तो जगप्रसिद्ध झाला होता. आयोमीनें धीर धरला. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानें बोटांना टोपणें केलीं, त्यांवर चामडें चिकटविलें, बँजोच्या हलक्या तारा गिटारला चढविल्या, आणि कांहीं वर्षांनीं तारा दाबणें सोपें जावें म्हणून त्या सैल करून स्वरच खालीं उतरविला. आज जगभर ज्या गंभीर, खर्जांतल्या नादानें हें संगीत ओळखलें जातें, त्याच्या घडणींत या दुखऱ्या बोटांचा मोठा वांटा आहे. अंबरनाथच्या कामगाराच्या पोराला ही कथा आपल्याच आळींतली वाटली, यांत आश्चर्य तें काय?

आतां या संगीताच्या स्वरूपाविषयीं दोन शब्द. आमच्या घरीं मिरजेचा एक तंबोरा आहे. सौभाग्यवती पूर्वीं गात असे. एके दिवशीं पुतण्यानें तो जुळवून घेतला आणि गिटार त्याच्या शेजारीं ठेवून मला म्हणाला, ‘तात्या, तंबोऱ्यांत कोणते स्वर बोलतात?’ मीं म्हटलें, ‘पंचम आणि षड्ज.’ तो म्हणाला, ‘आमच्या पॉवर कॉर्डमध्येंहि तेवढेच दोन.’ आणि तें खरें आहे. पाश्चात्य संगीतांत स्वरसंघातामध्यें सामान्यतः गांधार असतो. तो शुद्ध असला तर प्रसन्नता, कोमल असला तर खिन्नता. मेटलच्या या प्रमुख संघातांतून गांधार काढून टाकलेला असतो. याला कारणहि आहे. या गिटारचा नाद ध्वनिवर्धकांत मुद्दाम मर्यादेबाहेर चढवितात. त्यामुळें ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरांत पुष्कळ उपस्वर मिसळतात. अशा वेळीं गांधार ठेविला तर सगळा चिखल होतो. षड्ज-पंचम मात्र स्वच्छ उभे राहतात. आपणहि तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं दोरा सरकवून जवारी काढतों, ती उपस्वरांच्याच लोभानें. साधन निराळें, प्रमाण निराळें. पण भूक एकच. मीं आयुष्यांत जवारीला कधीं गोंगाट म्हटलें नाहीं. मग याला तरी पुरतें ऐकून न घेतां तसें कां म्हणावें?

त्या पहिल्या संग्रहांतील पहिलें गाणें षड्ज, तार षड्ज आणि मग तीव्र मध्यम अशा तीनच स्वरांवर उभें आहे. षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधील हें अंतर युरोपांतील जुन्या संगीतशास्त्र्यांनीं अशुभ मानिलें, त्याला सैतानाचें नांव दिलें. आपल्याकडे तीव्र मध्यमाला असा शाप नाहीं. तरीहि मारवा किंवा पूरिया ऐकतांना, जेथें पंचम वर्ज्य असल्यामुळें टेकावयास जागा मिळत नाहीं, तेथें मन कसें अस्वस्थ होतें हें रसिकांना ठाऊक आहे. त्या बर्मिंगहॅमच्या पोरांनीं तीच अस्वस्थता, रागाच्या विस्तारावांचून, एखाद्या घणासारखी पुन्हा पुन्हा घातली.

दुसरा संग्रह ‘आयर्न मेडन’ या इंग्रज मंडळीचा ‘पॉवरस्लेव्ह’, साल १९८४. याची गोष्ट सांगतांना मला थोडी लाज वाटते. पुतण्या नववींत असतांना इंग्रजीच्या पुस्तकाखालीं कांहीं तरी लपवून वाचीत होता. मीं तें ओढून घेतलें. तो कॅसेटच्या वेष्टनांतला कागद होता, आणि त्यावर कोलरिज या इंग्रज कवीच्या १७९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृद्ध खलाशाच्या काव्यावर रचलेलें, तेरा मिनिटांहून अधिक चालणारें गाणें छापलेलें होतें. समुद्रपक्ष्याचा निष्कारण वध, त्या पापाचें प्रायश्चित्त, आणि आपली कथा सांगत फिरण्याची शिक्षा असा तो विषय. जें काव्य आमच्या शाळेंतील इंग्रजीच्या शिक्षकांना मुलांच्या गळीं उतरवितां येत नव्हतें, तें या मुलानें आपण होऊन शोधून वाचलें होतें. मीं कागद परत दिला. पण शाबासकी दिली नाहीं.

तिसरा संग्रह अमेरिकेंतील ‘मेटॅलिका’ यांचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’, मार्च १९८६ मधला. यांत मिनिटाला दोनशेंहून अधिक ठोक्यांच्या गतींत उजव्या हाताचा प्रत्येक आघात वरून खालींच करावयाचा असतो. मनगटाची ती कसोटी आहे. सतारीवरील झाल्याची मेहनत ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना याची कल्पना येईल. हें संगीत व्यसनें शिकवितें असा माझा समज होता. पण या संग्रहाचें मुख्य गाणेंच मादक द्रव्यें माणसाला कळसूत्री बाहुली कशी करून टाकतात, या विषयावर आहे. यांतील क्लिफ बर्टन हा बाखचा भक्त असलेला तरुण खर्जगिटार वाजवी. संग्रह निघाला त्याच वर्षीं २७ सप्टेंबरला स्वीडनमध्यें बसच्या अपघातांत तो वारला. वय फक्त चोवीस. लहानपणीं पितृवियोग झालेल्या मुलाला असल्या गोष्टी फार जवळच्या वाटतात.

आतां माझ्या अपराधाकडे वळतों. २००२ सालीं मॅट्रिक झाल्यावर भावजयीनें आपली एक बांगडी मोडून मुलास जुनी विजेची गिटार घेऊन दिली होती. २००४ सालीं पुढील शिक्षणाचे पैसे भरण्याची वेळ आली. पैसे कमी पडत होते हें खरें; पण इतके कमी नव्हते. मीं हिशेबाची वही पुढें ठेवून म्हटलें, ‘घरांत पडून असलेली वस्तु विकली तर भागेल.’ वस्तूचें नांवहि घेतलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो उल्हासनगरास गेला, आणि संध्याकाळीं नोटा माझ्या वहीवर ठेवून आंत निघून गेला. एक शब्द बोलला नाहीं. मला तेव्हां आपण फार शहाणपणाचें काम केलें असें वाटलें.

पुढच्या वर्षीं २६ जुलैचा तो पाऊस आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, हें सर्वांना आठवत असेल. इकडे उल्हास नदी आमच्या बदलापुरांत शिरली. मी शाळेंतच अडकलों होतों. गाड्या बंद, तारा बंद. दुसऱ्या दिवशीं रुळांवरून चालत घरीं पोहोंचलों, तों अंगणांत चिखल, भिंतींवर कमरेइतकी पाण्याची रेघ. माझीं पुस्तकें गेलीं असें धरूनच मी आंत शिरलों. पाहतों तर अमरकोश, कौमुदी, वडिलांच्या हातच्या पोथ्या, सारें माळ्यावर कोरडें! भावजय म्हणाली, ‘पाणी उंबऱ्याशीं आलें तेव्हां त्यानें आधीं तुमचीं पुस्तकें वर चढविलीं.’ त्याची स्वतःची कॅसेटांची पत्र्याची पेटी खाटेखालींच राहिली होती.

तो मागल्या दारीं बसून एकेका कॅसेटीचे स्क्रू काढून फीत फडक्यानें टिपीत होता. तेवीस होत्या. मीं पंचा खोंचला आणि दोरी बांधली. वेष्टनांतले कागद मीं एकेक करून दोरीवर वाळत घातले. त्यांत तो खलाशाच्या गाण्याचा कागदहि होता. मीं विचारलें, ‘यांतली पहिली कोणती?’ त्यानें दाखविली. इतक्या वर्षांत हा प्रश्न मीं पहिल्यानेंच विचारला होता. तेवीसांपैकीं सात वांचल्या.

पाणी ओसरल्यावर मी त्यास न सांगतां उल्हासनगरच्या त्या दुकानांत गेलों. मालक वृद्ध सिंधी गृहस्थ. त्यांनीं वही काढून पाहिली. गिटार केव्हांच दुसऱ्या गिऱ्हाइकास गेली होती. मीं सारी हकीकत सांगितल्यावर ते म्हणाले, ‘मास्तरसाहेब, आम्ही घरदार टाकून आलों तेव्हां माझ्या वडिलांनीं एक वाजा मात्र आणला होता. लोक हंसले. पण छावणींतल्या पहिल्या वर्षीं त्याच वाज्यानें आम्हांला माणसांत ठेवलें.’ यावर मी काय बोलणार?

२००८ सालीं १ फेब्रुवारीला आयर्न मेडन मंडळी मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांत आली. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक; मंडळींचें विमान तोच चालवी. पुतण्या गेला, आणि मी शेवटच्या लोकलच्या वेळेपर्यंत जागा राहिलों. आल्यावर मीं विचारलें, ‘खलाशाचें गाणें म्हटलें कां?’ त्याचा चेहरा असा उजळला कीं मला दिवा लावावा लागला नाहीं. २००९ सालीं नोकरी लागल्यावर त्यानें आपल्या पैशानें गिटार घेतली. पांच वर्षांत बोटांवरचे घट्टे पार गेले होते. पहिले कांहीं आठवडे त्याच्या बोटांचीं टोकें लाल होऊन सुजत. आणि तीं पाहतांना मला त्या पत्र्याच्या कारखान्यांतील पोराची आठवण होई. फरक एवढाच, कीं त्याचीं बोटें यंत्रानें घेतलीं होतीं.

शेवटीं ज्या संग्रहानें आम्हां दोघांना एका चटईवर बसविलें त्याविषयीं. मुंबईच्या ‘डिमॉनिक रिसरेक्शन’ या मंडळीनें २०१७ सालीं ‘दशावतार’ नांवाचा संग्रह काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एकेक गाणें, भाषा इंग्रजी, कांहीं ठिकाणीं भारतीय वाद्यांची जोड. त्यांचा प्रमुख साहिल मखीजा. नरसिंहाचें गाणें ऐकतांना मला प्रथमच वाटलें कीं, हिरण्यकशिपूच्या वधाला सौम्य चाल लावणें हेंच खरोखर विजोड होय. सिंगापूरच्या ‘रुद्र’ या मंडळीनें तर २००५ च्या एका संग्रहाला ‘ब्रह्मविद्या’ असेंच नांव दिलें, आणि संस्कृत वचनें या संगीतांत आणिलीं. तीं ऐकतांना मी ऱ्हस्वदीर्घांच्या चुका काढतों, आणि पुतण्या माझ्या तालाच्या चुका काढतो. भरतमुनींनीं आठ रस सांगितले; त्यांत शृंगार आणि करुण यांच्या पंगतीलाच रौद्र, भयानक आणि बीभत्स बसविले. अंबरनाथच्या देवळाच्या भिंतींवरहि सौम्य मूर्तींबरोबर उग्र मूर्ती आहेत, आणि शिल्पकारानें त्यांवर हात आंखडता घेतलेला नाहीं. क्रोध आणि भय हे तरुण मनांत असतातच. त्यांना स्वरांची वाट मिळाली तर घरांतील भांडीं फुटत नाहींत.

याचा अर्थ मला सारेंच आवडूं लागलें असा नव्हे. घशांतून गुरगुरत गाण्याची यांतील एक रीत आहे. तींत शब्दाची जी विटंबना होते, ती मला अजून सहन होत नाहीं. मोठा आवाज कानांचा शत्रु आहे, आणि गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं. निवासी वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल ही २००० सालच्या नियमांनीं घातलेली मर्यादा गणपतीच्या मंडपाप्रमाणेंच गिटारलाहि लागू आहे. आमच्या घरीं रात्रीं दहाच्या आंत वाजविणें थांबतें. हा नियम मात्र मीं घातलेला नाहीं. पुतण्यानेंच स्वतः घालून घेतला.

तो कांहीं मोठा वादक झाला नाहीं. अंबरनाथला नोकरी करतो, आणि रविवारीं सकाळीं आळींतील पांचसहा मुलांना शिकवितो. त्या पांच वर्षांत हात चालता राहिला असता तर काय झालें असतें, याचें उत्तर मजजवळ नाहीं, आणि तो कधीं तें मागतहि नाहीं. ज्या घरीं असा एखादा मुलगा कोपऱ्यांत बसून न समजणारें कांहीं ऐकत असेल, त्या घरच्या वडील माणसांना माझी एवढीच विनंति आहे. विकावयाचें, मोडावयाचें, फेंकावयाचें जें असेल तें मागाहून ठरवा. आधीं त्याच्याजवळ बसा आणि विचारा, ‘यांतलें पहिलें कोणतें?’ मला हा प्रश्न सुचावयास उल्हास नदीला घरांत यावें लागलें.